पूजा झालेली बस

विहीणबाई, तुमच्या दहाव्याला मी रिक्षाने आले. रागवायचं तर रागवा, दुसरा इलाज नव्हता. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कवरून तुमच्या राई गावाला यायचं म्हणजे आधी स्टेशन गाठा, मग तो उभा पूल चढा आणि उतरा, मग पश्चिमेला जे वाहन मिळेल ते धरा. माझे गुडघेही आता तुमच्या गुडघ्यांच्या पंगतीला बसलेत. रिक्षावाल्याने राईचं नाव ऐकून मान हलवली. "वापसी में सवारी नहीं मिलती, भाभी." मी म्हटलं, "दसवाँ है भैया, चलो." मग मात्र त्याने मीटर पाडला. वाटेत मला सारखं वाटत होतं, तुम्ही ओट्यावर उभ्या असाल आणि मला रिक्षातून उतरताना बघून तोंड फिरवाल.

ओट्यावर कुणी नव्हतं. तुमची सून, म्हणजे माझी लेक मधुरा, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मला बघून तिथेच रडायला लागली. लग्न होऊन तुमच्या घरी आली तेव्हा तिला बोंबील धरता येत नव्हता. आता खाडीची भरती-ओहोटी तिला तोंडपाठ आहे. हे सगळं तुमचं. माझ्या लेकीला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घडवलंत, हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही वर्षभर मिरवलं असतंत.

आता रीतीप्रमाणे मी तुमच्याबद्दल चार गोड शब्द लिहावेत आणि डोळे पुसावेत. डोळे पुसते आहेच, पण गोड काही सुचत नाही. मला राग आलाय. तुम्ही गेलात त्याचा आहेच, पण त्याहून जास्त राग आहे तो एका बसचा. तुम्ही बसमुळे गेलात असं मी म्हणणार नाही. सकाळी अंगण झाडून तुम्ही ओट्यावर टेकलात आणि पुन्हा उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय, म्हणजे हृदयच. पण तुम्ही माझ्या घरी एकदाही चहाला आला नाहीत, ते मात्र त्या बसमुळेच. ते मी कुणालाही तोंडावर सांगेन.

बोलणी ठरवायला तुम्ही सगळे जीप करून आला होतात ते मी धरत नाही. ते येणं मुलाच्या आईचं होतं, नाकाचा शेंडा वर करून. घरात आल्या आल्या तुम्ही माझी गॅलरी बघितलीत, खाली वाकून रस्ता बघितलात आणि म्हणालात, "इतक्या वर र्‍हाता? वारा तरी कुठं लागतो?" मी मनात म्हटलं, ही बाई माझ्या पोरीला भाजून खाणार. लग्नात तुमचा मान करता करता माझी पाठ मोडली. पाय धुवा, ओटी भरा, साडी बदलून द्या कारण काठ बारीक आहे. आणि सगळं आटपल्यावर तुम्ही मला मांडवामागे गाठून हळूच म्हणालात, "इनबाय, दमलाव ना? या, बसा जरा. मान मना न्हवता पायजेल, माज्या नणंदांना दाखवायचा होता." त्या दिवसापासून आपली गट्टी.

पुढे तुम्ही माझ्याकडे यायला निघाला होतात, मुद्दाम, चार दिवस राहायला. तो रिक्षावाला आठवतो? तुमच्या पिशवीत माझ्यासाठी सुके बोंबील होते, तुम्ही स्वतः वाळवलेले. भाईंदरच्या रेल्वे फाटकापर्यंत आल्यावर तो म्हणाला, मच्छीचा वास येतोय, पिशवी पायाखाली नको, बाहेर हातात धरा. तुम्ही त्याला रिक्षा थांबवायला लावलीत, उतरलात आणि तुमच्या त्या गुडघ्यांनी राईपर्यंत चालत परत गेलात. संध्याकाळी मला फोन. "इनबाय, मी आता तुमच्याकडं येईन ती बसनं. बस कुनाला न्हाय बोलू शकत न्हाय."

मी हसले होते. म्हटलं, राईहून मीरा रोडला थेट बस आहे कुठे? तुम्ही म्हणालात, "न्हाय, तर येईल." मानाची विहीण मी, मला आणायला सरकारची गाडी येऊ दे, असंही म्हणालात. थट्टाच होती. पण तुमच्या थट्टेत नेहमी एक खिळा असायचा, तो नंतर काढता यायचा नाही.

मग खरंच बातमी आली. राज्याने शहराला नव्या बसगाड्यांसाठी पैसे दिले, आणि त्यातली एक गाडी राई ते मीरा रोड स्टेशन, उड्डाणपुलावरून, बेव्हर्ली पार्कच्या रस्त्याने जाणार. नाक्यावर फलक लागला. फलकावर बस एवढीशी आणि साहेबांचा चेहरा केवढा मोठा. लोकार्पण राईतच होणार होतं, आणि गाडीची पूजा करायला, साहेबांना ओवाळायला गावातली मानाची बाई हवी होती. म्हणजे तुम्ही. तुम्ही मला फोन करून सांगितलंत, "रिक्षानं या, आजच्यापुरती माफी. जाताना बसनं जाऊ."

काय नटला होतात तुम्ही. हिरवं लुगडं, अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. मांडवात गर्दी, भोंग्यावर गाणी, साहेबांना उशीर. तुम्ही मात्र गाडीसमोर तबक घेऊन उभ्या. पांढरी शुभ्र, विजेवर चालणारी बस. तुम्ही तिच्या काचेखाली हळदीकुंकवाची बोटं ओढलीत, तेलात कालवलेलं कुंकू होतं, त्याचा एक ओघळ खाली आला. चाकाखाली लिंबं ठेवलीत. नारळ फोडलात तो एका घावात. साहेबांनी झेंडा दाखवला, गाडी मांडवाच्या एका टोकाकडून दुसर्‍या टोकाला गेली, फोटो निघाले. साहेब त्यांच्या गाडीत बसून गेले. मग कर्मचार्‍यांनी बसवरचा कापडी फलक सोडवायला घेतला आणि ड्रायव्हरने गाडी उलटी वळवली.

"कुठं चालली?" तुम्ही विचारलंत.

"डेपोत, मावशी," तो फाइल काखेत धरलेला अधिकारी म्हणाला.

"का? स्टेशन त्या बाजूला हाय."

"अजून रूट सुरू नाही झालेला. आज फक्त लोकार्पण होतं."

तुम्ही तबक मधुराच्या हातात दिलंत. "लोकार्पन म्हंजे काय?"

"म्हणजे... लोकांना अर्पण."

तुम्ही मागे वळून बायकांकडे बघितलंत. "चला गं." आणि लुगडं सावरत सगळ्यात आधी पायरी चढलात. तुमच्यामागे अख्खी आळी. मी पण. तुम्ही ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसलात, पदर नीट केलात आणि खिडकीतून त्या अधिकार्‍याला सांगितलंत, "अर्पन केली ना? लोक बसल्यात. सोड गाडी."

तो बिचारा गाडीभोवती फिरायला लागला. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता, हात जोडून म्हणाला, "माताजी, मेरी नौकरी जाएगी." मी त्याला म्हटलं, भैया, नौकरी कुछ नहीं जाएगी, ये लोग उतरेंगे नहीं, तुम रात यहीं काटोगे. तुम्ही ते ऐकून माझ्याकडे बघितलंत आणि डोळ्यांत हसलात. मला तोपर्यंत वाटत होतं तुम्ही हट्ट करताय. मग तुम्ही मला शांतपणे समजावलंत, लहान मुलाला सांगावं तसं. तुमच्या घरची रीत होती. नवी होडी आली की पूजा झाल्यावर त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, तिला पाणी लावायचं. मालकांची होडी उतरवली तेव्हा खाडीला ओहोटी होती, चिखलातून ढकलत नेली, पण नेली. "पूजा झालेली होरी सुकत ठेवत न्हाय, इनबाय. नारळ फोडलाय मी. माज्या हातानं."

तुमची चूक तीच. तुम्हाला वाटलं पूजा म्हणजे सुरुवात. तुमच्या आळीत, तुमच्या खाडीवर, तुमच्या मालकांच्या होडीत ती तशीच असते. मी विमा कंपनीत उभा जन्म काढलेली बाई. "प्रक्रियेत आहे" म्हणजे काय, "तत्त्वतः मंजूर" म्हणजे काय, हे मला झोपेत कळतं. माझ्याकडे पूजा सगळ्यात शेवटी येते, आणि तीही फोटोसाठी. तुम्ही खर्‍या होतात आणि जग खोटं होतं, एवढाच फरक.

शेवटी त्या अधिकार्‍याने इकडेतिकडे बघितलं. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. तो ड्रायव्हरला म्हणाला, "एक फेरी मारून ये बाबा." आणि गाडी निघाली, विहीणबाई. तुमचं सगळं गाव दारादारात उभं राहून बघत होतं. बायकांनी गाणी धरली. उड्डाणपुलावर चढल्यावर तुम्ही खिडकीला चिकटलात. खाली रेल्वेचे रूळ, पलीकडे पूर्वेच्या इमारती. तुम्ही म्हणालात, "पाय न लावता आलो की आपन पलीकडं." एवढंच. स्टेशनचा पूल पायाने चढायला तुम्हाला किती धाप लागायची, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

बेव्हर्ली पार्कला गाडी माझ्या इमारतीच्या फाटकाशी थांबली. मीच थांबवायला सांगितली होती. मी म्हटलं, उतरा. चला वर. चहा टाकते. ड्रायव्हर परत येताना तुम्हाला घेईल, नाहीतर निलेश येईल घ्यायला, तुमचाच मुलगा आहे. तुम्ही खिडकीतून वर माझ्या गॅलरीकडे बघितलंत. तुमच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा असा फुलला होता की मला आजही तो तसाच दिसतो.

"आज न्हाय उतरत," तुम्ही म्हणालात. "आज बसचा दिवस. पूजा करनारीनं सोबत जाऊन परत आनायची. उद्यापासनं काय, रोजच हाय. उद्या येते. चहा ठेवा."

दुसर्‍या दिवशी मी चहाचं आधण ठेवलं होतं. मधुराचा फोन आला, आमच्या आई सकाळपासून थांब्यावर उभ्या आहेत, पिशवीत बोंबील, खांद्यावर शाल. तिने सांगितलं, चला घरी. तुम्ही म्हणालात, पयल्या दिवशी उशीर होतो. दुपारी निलेशने तुम्हाला हाताला धरून घरी आणलं. बस आली नव्हती. त्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही.

मग आपण दोघी महापालिकेच्या बस कचेरीत गेलो, निलेश गाडीने सोडायला. तोच अधिकारी. खुर्ची दिली, पाणी दिलं, हे खरं. त्याने समजावलं की बस विकत घ्यायला राज्याचा निधी आला, तो खर्च झाला, गाडी उभी आहे. पण गाडी चालवायची म्हणजे ड्रायव्हर, चार्जिंग, देखभाल, आणि राईच्या मार्गावर तिकिटातून तेवढं निघत नाही. ती तूट राज्याने भरायची की शहराने, हे ठरायचं आहे. प्रस्ताव वर गेलाय. मी म्हटलं, अहो, लेकीला म्हैस आंदण दिली आणि पेंड कोण घालणार ते ठरवलंच नाही, असं झालं. तो हसला. म्हणाला, "मॅडम, अगदी तसंच." हसला, विहीणबाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही माझ्या मांडीवर हात ठेवलात आणि त्याला एकच विचारलंत, "मंग पूजा का करवली?" तो फाइलीची नाडी बांधायला लागला.

त्या दिवसापासून तुम्ही रुसलात. विहीण रुसते ते मला माहीत होतं, पण विहीण सरकारवर रुसलेली मी पहिल्यांदा बघितली. बस आली की येईन, नाहीतर येणार नाही. मी फोनवर किती वेळा भांडले तुमच्याशी. म्हटलं, तुमच्या रुसण्याने त्यांचं काय जातं? नुकसान माझं होतंय. निलेशच्या गाडीने या. तुम्ही म्हणायचात, "निलेशची गाडी निलेशला सुट्टी आसंल तवा. मना माज्या मनानं यायचं हाय. उठले, पिशवी घेतली, निघाले. दुसर्‍याच्या सुट्टीवर न्हाय." तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. आता एकटी घरात बसून विचार करते तेव्हा वाटतं, म्हातारपणी याहून वेगळं कुणी काय मागतं?

आणि मेट्रोवरून आपलं जुंपायचं ते अर्धंच राहिलं. माझ्या गॅलरीसमोर ते खांब उभे राहिले तेव्हा मी हरखून तुम्हाला सांगायची, बघा, कामं होतात, जरा धीर धरा. तुम्ही म्हणायचात, "त्या खांबांना पैसं हायत, आमच्या एका बसला न्हायत?" मी म्हणायची, दोन्ही पाहिजे, मोठ्या गाडीपर्यंत पोचायला छोटी गाडी लागतेच. तुम्ही म्हणायचात, "मंग छोटी आधी द्या ना." यावर माझ्याकडे उत्तर असायचं. प्रवासी किती, रस्ते किती, उद्याचं शहर किती मोठं, सगळं मी बोलायची. खांब हवेतच, माझं मत अजून तेच आहे. पण खांबांच्या उद्घाटनाला जितके फलक लागतात त्यातल्या एका फलकाच्या खर्चात तुमची बस महिनाभर तरी चालली असती की नाही, हे मला कुणीतरी सांगावं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आता आलाव लायनीवर."

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. आता सांगते. पावसाळ्यानंतर एका रविवारी मी भाजी घेऊन येत होते, तर समोरून बसगाड्यांची रांग गेली. आत झेंडे, टोप्या, घोषणा. दुसर्‍या कुठल्यातरी वस्तूच्या लोकार्पणाला माणसं नेत होते. त्यात तुमची गाडी होती. हो, तुमचीच. काचेखाली तुमच्या बोटांचा कुंकवाचा डाग आणि तो ओघळ, तेलातला म्हणून गेला नव्हता. आरशाला तुमच्या पूजेच्या हाराचा दोरा अजून बांधलेला. चालवायला पैसे नाहीत म्हणून उभी असलेली गाडी, टाळ्या वाजवणारी माणसं न्यायला चालत होती. मी रस्त्यात पिशवी ठेवून शिव्या दिल्या. माझ्या तोंडून कधी न निघालेल्या. शेजारचा गुजराती दुकानदार बाहेर आला, "शुं थयुं, बेन?" त्याला काय सांगणार? घरी येऊन तुम्हाला फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तुम्हाला हे कळलं असतं तर तुमचा त्या नारळावरचा विश्वास उडाला असता, आणि ते मला बघवलं नसतं.

नारळ म्हणजे तो, ओट्याच्या कोपर्‍यातला. तुमच्या परसातल्या माडाचा, असोला, सालासकट. "बस रोजची झाली की हाच फोडीन," म्हणून तुम्ही ठेवला होतात. मागल्या खेपेला मी आले तेव्हा त्याला कोंब फुटलेला. मी चिडवलं, "विहीणबाई, तुमच्या नारळाला मोड आले." तुम्ही सुपारी कातरत होतात, मान वर न करता म्हणालात, "येऊ दे. बसला न्हाय आलं काय, नारळाला तरी आलं." आपण दोघी हसलो ते मधुरा आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

आता दहाव्याचं सांगते. खाडीच्या काठावर पिंड ठेवला. कावळे होते, झाडावर बसून बघत होते, पण कुणी शिवेना. निलेश हात जोडून म्हणाला, आई, बहिणींना बघेन. नाही. घर विकणार नाही, बिल्डरला जमीन देणार नाही. नाही. मधुरा म्हणाली, तुमच्या माडांना पाणी घालेन. नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या आळीतल्या बायकांना, भटजींना, मला. म्हणायचं एवढंच होतं की बस सुरू होईल. कुणाच्याही तोंडून ते निघेना. मांडवात माइकवर माणसं जे सहज बोलून जातात ते तुमच्यासमोर बोलायची आमची कुणाची छाती झाली नाही. गेलेल्या माणसाला खोटं कसं सांगणार? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सगळे खाली मान घालून घरी आले.

मी दोन दिवस राहिले तिथेच. बाराव्याच्या दिवशी दारात एक मोटार थांबली, आणि उतरला कोण, तर तोच फाइलवाला. त्याला काही माहीत नव्हतं. ओट्यावर येऊन म्हणाला, "मावशी आहेत का? चांगली बातमी आहे. नवा निधी मंजूर झालाय, नव्या गाड्या येतायत. साहेब येणार आहेत. पूजेला मावशीच पाहिजेत, गेल्या वेळी फार छान झालं होतं."

मधुराने भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट केलं. हार ताजा होता. तो चपापला. अरेरे म्हणाला, कधी, कसं, विचारलं. खरंच वाईट वाटलं त्याला, तेवढं मी म्हणेन. मग आवाज खाली आणून, मधुराला म्हणाला, "मग ताई, तुम्ही कराल का? घरातलंच कुणी असलं तर बरं."

मधुराच्या आधी मीच बोलले. "सुतक आहे आम्हाला."

"हो हो, बरोबर. कार्यक्रमाला अजून वेळ आहे. कधी फिटतंय?"

"बस रोज धावायला लागली की."

तो फाइल काखेत घेऊन गेला. मधुराने आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला, आणि तुमचा कप उचलता उचलता परत ठेवला.

संध्याकाळी आम्ही दोघींनी तो कोंब आलेला नारळ थांब्यावर नेला. खांबाच्या बाजूला खड्डा खणला. लोक बघत होते. मधुरा म्हणाली, "आई, पुढे इथे शेड बांधतील तेव्हा उपटतील." मी म्हटलं, बांधू देत तर आधी. माती लोटून पाणी घातलं. माडाला नारळ लागायला वर्षं जातात, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं. त्याच्या आधी बस आली तर दुकानातून विकत आणून फोडू. नाही आली तर ह्याचेच नारळ होतील, पण ते फोडायचे नाहीत असं मी मधुराला बजावून ठेवलंय. बस आधी जाऊन परत येऊ दे, पूजा मागाहून.

मी परत आलेय. खिडकीसमोर ते खांब आहेत, खाली ते फाटक. माझा साहेबांवर राग आहे, त्या हसणार्‍या माणसावर आहे, पैसे देताना अर्धेच देणार्‍या आणि हार मात्र पुरा घालून घेणार्‍या सगळ्यांवर आहे. तो जाणार नाही, आणि मी घालवणारही नाही. पण विहीणबाई, सगळ्यात जास्त मी तुमच्यावर चिडलेय. गाडी माझ्या फाटकाशी उभी होती. दार उघडं होतं, मी हात पुढे केला होता. तुम्ही त्यांच्या उद्यावर विश्वास ठेवलात. उतरायला हवं होतंत. चहाला कितीसा वेळ लागतो.